उजव्या अंगाचा लिंब

सायकलच्या कॅरियरवर बाई बसते ती एका बाजूला पाय सोडून. तोंड डावीकडे, पाठ उजवीकडे. एका हातानं सीटखालची स्प्रिंग धरलेली, दुसऱ्या हातात मांडीवरची पिशवी आणि पदराचं टोक दातात. अशा बैठकीतून रस्ता निम्माच दिसतो. केजच्या सत्यभामेनं आपल्या माहेरचा रस्ता उभ्या संसारात असा निम्माच पाहिला होता. उरलेला निम्मा तिला बंकटरावांनी पुढं बसून तोंडी सांगितला, आणि तिनं तो खरा मानला. नवऱ्याच्या शब्दावर एवढा भरवसा ठेवणारी बाई आता औषधालाही सापडायची नाही म्हणतात. तेव्हाही अशा बायका काही पायलीला पन्नास मिळत नव्हत्या.

मान वळवायला काय लागतं, असं कुणी म्हणेल. पण डबलशीट बसायचा एक कायदा असतो, आणि तो बंकटरावांनी लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीला घालून दिला होता. "मागं बसणाऱ्यानं वळायचं न्हाई," ते म्हणाले होते. "तू हाललीस की माझा तोल गेला. उजवीकडं काय हाय ते मी सांगत जातो." नवी नवरी होती, तिनं मान डोलावली. पुढं नवेपण गेलं, भांडणं झाली, अबोले झाले, पण हा कायदा तिनं मोडला नाही.

बंकटराव गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. म्हणजे सुई डॉक्टरांनी टोचायची आणि बैलाची लाथ ह्यांनी खायची. वडवणीच्या अलीकडे एका वस्तीवर सत्यभामेच्या वडिलांची मेंढरं बसलेली असायची. तिथं लस टोचायला गेले तेव्हा एक पोरगी दांडग्या मेंढ्याची शिंगं धरून उभी होती, आणि डॉक्टर चार हात लांब. ही पोरगी आपल्या खात्यात पाहिजे, असं बंकटराव डॉक्टरांना म्हणाले. खात्यात जमलं नाही, मग घरात आणली.

मेंढ्याला न भिणारी ही पोरगी एकाच गोष्टीला भ्यायची, ती म्हणजे उंची. लहानपणी एकदा करडाच्या मागं धावत ती डोंगराच्या कड्यावर गेली. खाली नजर गेली आणि तिथंच थिजली. हाक मारली तरी मागं येईना, पुढं जाईना. शेवटी वडिलांनी पोटावर सरपटत जाऊन तिचा पाय धरला आणि ओढून आणली. तेव्हापासून ती माळवदावर वाळवण घालायलासुद्धा चढत नसे. विहिरीचं पाणी दुसऱ्या कुणी शेंदून द्यायचं. लग्नाच्या मांडवात तिच्या आईनं हे जावयाच्या कानावर घातलं होतं. बंकटराव हसले होते, आणि मग विसरून गेले असतील असं सत्यभामेला वाटलं होतं.

माहेरी जायचं ते दुपारचं. सकाळी दवाखाना सुटत नसे आणि दुपारी त्या बाजूला एसटी नव्हती. मग अर्धी सुट्टी टाकायची, धारूरपर्यंत सायकल हाणायची, आणि तिथून मोठा रस्ता सोडून कोळदरीच्या जुन्या घाटानं खाली उतरायचं. हा घाट डोंगराच्या कुशीला धरून एकाच अंगानं उतरत जातो. डाव्या हाताला कातळ, तो थेट पायथ्यापर्यंत सोबत करतो. परत येताना चढ, आणि डबलशीटचा चढ ओढायला माणूस काही बैल नव्हे. त्यामुळं येताना संध्याकाळची एसटी, सायकल टपावर, आणि एसटी जायची मोठ्या रस्त्यानं. म्हणजे कोळदरीचा घाट सत्यभामेनं कायम उतरतानाच पाहिला, आणि तोही डावा.

डावा मात्र तिला तोंडपाठ होता. कुठल्या कातळाला शेंदूर फासलेला देव आहे, कुठं उंबराची मुळं दगड फोडून बाहेर आलीत, कुठं पाणी झिरपून शेवाळ धरलंय, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगेल. उजवा बंकटराव सांगायचे. घाट लागला की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. उजवीकडं पांढरं घर आलं. घरापुढं बाई पापड घालायलीय. बाईनं आज हिरवं लुगडं नेसलंय. आता मोर दिसला. आता खोकड पळालं. सत्यभामा म्हणायची, त्या बाईला रोजच कावून पापड? तर ते म्हणायचे, तिच्या घरी पोरींचीच लग्नं लई.

आणि मग मोहोळाचा कातळ यायचा. काळ्या दगडाच्या कपारीत आग्या माश्यांची पोळी लोंबत असायची, डाव्या अंगाला. तो कातळ आला की बंकटराव सांगायचे, आता तुझ्या पाठीमागं आपला लिंब.

हा लिंब म्हणजे कडुलिंब. अंजूचा जन्म झाला तेव्हा सत्यभामा माहेरी होती. बंकटराव लेकीला बघायला एकटेच सायकलवर आले, आणि येताना घाटात त्या वळणावर लिंबाचं रोप लावून आलो म्हणाले. पोरगी आन लिंब एका वयाचे. पुढच्या फेरीला अंजू मांडीवर होती. मोहोळाचा कातळ आला तसं सत्यभामेनं विचारलं, "लिंब केवढा झालाय?" ते म्हणाले, "गुडघ्याला लागलाय." मग दर फेरीला हे ठरूनच गेलं. कातळ आला की तिनं विचारायचं आणि त्यांनी सांगायचं. कमरेला आला. माझ्या डोक्यावर गेला. एका दुष्काळात सगळा मुलूख करपला होता, तेव्हा ती विचारायलाही भ्याली, तर त्यांनीच सांगितलं की तग धरून हाय, शेंड्याला पालवी हाय. ती त्या दिवशी माहेरी पोचेपर्यंत रडत होती, आणि रडू कसलं हे तिला सांगता येत नव्हतं. अंजूचं लग्न ठरलं त्या साली लिंबाचा बुंधा कवेत मावेना.

तिचा विश्वास बसायला आणखी एक कारण होतं. त्या वळणावर नेमका तिच्या पाठीला गार वारा लागायचा. बंकटराव विचारायचे, लागलं का लिंबाचं वारं? लागलेलं असायचंच. आपल्या पाठीला लागलेला वारा खोटा कसा म्हणायचा?

एवढंच एक तिला नवल वाटे. बंकटरावांना चढावर जेवढा घाम येत नसे तेवढा उतारावर यायचा. पायडल मारायचं नाही, सायकल आपसूक चाललेली, आणि सदरा पाठीला चिकटलेला. ती म्हणायची, उतारावर घाम येणारा माणूस मी पहिलाच बघितला. ते म्हणायचे, मागं किती वजन हाय ते बघ की. माहेरी जायच्या आदल्या दिवशी ब्रेकचे रबर बदलून आणायचीही त्यांना खोड होती. सासुरवाडीला सायकल झ्याक दिसावी म्हणून असेल, असं समजून ती गालात हसायची.

पुढं मोठा रस्ता रुंद झाला, एसट्या वाढल्या, गुडघे कुरकुरायला लागले, आणि कोळदरीचा घाट सुटला. आई-वडील गेले तसं माहेरही हळूहळू सुटलं. बंकटराव निवृत्त झाले आणि एका पहाटे झोपेतच गेले. अंजू तिकडं छत्रपती संभाजीनगरला संसारात. घरात उरली सत्यभामा आणि ओसरीत दांडीच्या ब्रेकची काळी सायकल. ती रोज सायकल पुसायची. चाकातली हवा आपोआप कमी होते, तीही भरून आणायची. कुणी विचारलं कशाला, तर म्हणायची, असू दे.

तिला सायकलवर बसवलं ते ऋतुजानं. ऋतुजा चकलांब्याची पोरगी, केजच्या एका बँकेत नोकरीला, सत्यभामेच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायची. डॉक्टरनं सत्यभामेला साखरेसाठी चालायला सांगितलं होतं, आणि चालायचा तिला कंटाळा. तेव्हा ऋतुजा म्हणाली, काकू, सायकल तर दारात हाय. शाळेच्या मैदानावर दोघींनी महिनाभर धुरळा उडवला. वयाच्या पन्नाशीनंतर पंजाबी ड्रेस घालून पुरुषी सायकलच्या दांडीवरून पाय टाकणारी बाई बघायला निम्मी गल्ली जमायची. सत्यभामा पडली, गुडघे फोडून घेतले, शिव्या दिल्या, आणि शिकली.

मग ऋतुजानं तिला आपल्या सायकल मंडळात नेलं. ह्या मंडळाचा कारभारी अभिमन्यू. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान, त्यामुळं मंडळ जन्मलं तेच फ्लेक्ससकट. दर रविवारी सकाळी कुठं जायचं ते ठरायचं, आणि कुठल्या हॉटेलात काय खायचं ते त्याच्याही आधी ठरायचं. सायकल चालवून जेवढं वजन उतरे तेवढं भज्यांवर परत चढे. पण मंडळाचा एक नियम चांगला होता. चढ संपला की सगळ्यांनी थांबायचं, आणि सगळ्यात मागच्यानं चहा पिऊन झाल्याशिवाय पुढं निघायचं नाही. सगळ्यात मागं सत्यभामाच असायची. गिअरच्या सायकलींच्या त्या रंगीत घोळक्यामागं तिची काळी सायकल कुईं कुईं करत यायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. श्रावणात तर ती कपिलधारपर्यंत जाऊन आली.

वर्षभर सगळे नेतील तिकडं ती गेली. मग मार्गशीर्षातल्या एका रविवारी चहाच्या टपरीवर अभिमन्यूनं विचारलं की पुढच्या खेपेला कुठं, आणि सत्यभामा म्हणाली, कोळदरी. सगळे तिच्याकडं बघायला लागले. मग तिनं लिंबाची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा भीत भीत, मग रंगून. पांढरं घर, पापडवाली, मोर, मोहोळाचा कातळ आणि त्याच्यासमोरचा अंजूच्या वयाचा लिंब. मला एकदा त्याच्याखाली बसायचंय, ती म्हणाली. पाठीमागं असायचा, एकदा समोरून बघायचाय. ह्यांनी सांगितलेलं सगळं बघितलं, पण डोळ्यांनी न्हाई. टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत, म्हणजे गोष्ट कशी सांगितली असेल ते समजा.

त्या आठवड्यात तिला झोप नीट लागली नाही. तोडला तर नसेल कुणी? सरपणाला लोक काय सोडतात? पण बंकटराव गेल्यापासून ह्या जगात त्यांच्या हातची वाढणारी अशी दोनच माणसं उरली होती, एक अंजू आणि एक तो लिंब. अंजू फोनवर असते. लिंबाला भेटलं म्हणजे त्यांना भेटल्यासारखं होईल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. निघताना तिनं पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या, एक स्वतःला आणि एक त्याला. आदल्या दिवशी तिनं ब्रेकचे रबरही बदलून आणले. मेकॅनिकनं विचारलं, एवढे चांगले असताना कावून बदलता? ती म्हणाली, आमच्यात बदलतेत.

सकाळ थंडीची होती. दोन्ही अंगांना ज्वारी कमरेएवढी उभी. गावं निम्मी ओस. माणसं कोयता घेऊन कारखान्यांवर गेलेली, दारांना कुलपं, अंगणात म्हातारी आणि कोंबड्या. धारूरच्या पुढं एका हॉटेलात मंडळानं पोहे आणि भजी दोन्ही खाल्ली, फोटो काढले, आणि जुन्या रस्त्याला लागलं. अभिमन्यूच्या पाठीला एक लांबट गुंडाळी बांधलेली होती. काय हाय म्हणून सत्यभामेनं विचारलं तर तो लाजला आणि पुढं निघून गेला.

घाट सुरू झाला तसा सत्यभामेला डावा कातळ भेटला. शेंदराचा देव होता. शेंदूर नवा होता. उंबराची मुळं आता मांडीएवढी झाली होती. तिला भडभडून आलं. प्रत्येक दगड ओळखीचा, फक्त पुढची पाठ तेवढी नव्हती. इतकी वर्षं ह्या रस्त्यानं जाताना तिला पुढच्या अंगाला काय दिसायचं तर सदऱ्याची पाठ, आणि आता ती पाठ नव्हती तर समोर सगळा रस्ता मोकळा पडला होता. असा मोकळा रस्ता तिला नको होता.

उजवीकडं बघायचं काम ऋतुजानं घेतलं होतं. उजव्या कडेला छातीएवढा दगडी कठडा, त्याला घाणेरीची झुडपं लगडलेली, पलीकडचं काही दिसत नव्हतं. काकू, पांढरं घर कुठंय, ऋतुजानं विचारलं. असंल पुढं, सत्यभामा म्हणाली. थोड्या वेळानं ऋतुजानं पुन्हा विचारलं. सत्यभामा म्हणाली, पडलं असंल, जुनं होतं. तिसऱ्यांदा ऋतुजानं विचारलं नाही.

मग मोहोळाचा कातळ आला. पोळी आता नव्हती, पण दगडावर त्यांचे काळे डाग होते आणि ती कपार तीच होती. पुढं गेलेले सगळे तिथंच थांबले होते. सायकली उभ्या करून सगळे कठड्यापलीकडं बघत होते. सत्यभामेनं सायकल कातळाला टेकवली, पाण्याची बाटली हातात घेतली आणि रस्ता ओलांडून कठड्याशी गेली.

कठड्यापलीकडं काहीच नव्हतं. झाड नव्हतं, जमीनही नव्हती. सरळ तुटलेला कडा आणि खाली, फार खाली, बाभळीची झाडं मेथीच्या जुडीएवढी. ती तिथंच थिजली. ऋतुजानं तिला धरून खाली बसवलं.

कुणीतरी म्हणालं, रस्ता रुंद करताना गेला असेल. दुसरं म्हणालं, वळण चुकलं असेल काकू, पुढचं बघू. वळण चुकलं नव्हतं हे सत्यभामेला माहीत होतं. बाईला माहेरचा रस्ता चुकत नाही.

थोडं वर एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. वच्छलाबाई नाव. पोरगा-सून ऊसतोडीला गेलेले, नातवंडं आणि शेळ्या हिच्या गळ्यात. एवढे रंगीत टोपीवाले कशाला जमले म्हणून ती आपणहून जवळ आली. सत्यभामेनं तिला विचारलं की मावशी, इथं मोठा लिंब होता का वो, मागं?

"इथं कशात लिंब लावतीस माय?" वच्छलाबाई म्हणाली. "पाय ठेवाय जागा न्हाई. ह्यो कठडा बी आत्ता केलाय. आधी रस्ता सपला की दरी."

"आन वर एक घर होतं. पांढरं."

"घर काय वाऱ्यावर बांधतेत? मी जलमल्यापसून हितंच शेरडं राखते. घर न्हाई न् काय न्हाई."

मग म्हातारीला बोलायला माणूस मिळालं म्हणून ती बोलत राहिली. हितं लई माणसं गेली, म्हणाली. सायकलवाले तर वरच उतरायचे, डोंगराला चिकटून पायी पायी जायचे. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती हसली. "एक बाबा होता तेवढा. मागं बायकू बसवून जायचा, उतरायचा न्हाई. दात आवळून ब्रेक धरलेला, आन तोंडानं सारखं बोलनं. मोर काय, पापड काय. आमी म्हणायचो, ह्याला येड लागलंय. घामानं निसता भिजलेला असायचा, बग."

सत्यभामेनं हातातली बाटली खाली ठेवली. "ती बायकू मी," ती म्हणाली.

वच्छलाबाईचं हसू मावळलं. ती शेळ्या सोडून तिच्याजवळ रस्त्यावर बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

उतारावर घाम कुणाला येतो? सत्यभामेला आता सगळं एकेक करून कळत गेलं आणि प्रत्येक गोष्ट तिला लागत गेली. आईनं मांडवात सांगितलेलं ते विसरले नव्हते. खाली उतरून पायी चालले असते तर ती वळली असती, तिनं दरी पाहिली असती, आणि पुन्हा ह्या रस्त्यानं आली नसती. मोठ्या रस्त्यानं दुपारची एसटी नव्हती, आणि सायकलला तो वळसा झेपणारा नव्हता. म्हणजे तिचं माहेर तुटलं असतं. ते तुटू नये म्हणून ह्या माणसानं स्वतःचा जीव मुठीत धरून, कठडा नसलेल्या रस्त्यानं, मागं बायको आणि बायकोच्या मांडीवर लेक घेऊन वर्षानुवर्षं उतार उतरला, आणि भीती कळू नये म्हणून तोंडानं पापड लाटले. तिनं पाठीला लावून घेतलेला वारा लिंबाचा नव्हता. तो दरीचा होता.

आधी तिला राग आला. मेल्या, खोटारड्या, मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं, असं तिच्या मनात आलं. दुष्काळात त्या लिंबासाठी मी रडले, तेव्हाही पुढं तोंड करून गप्प बसलास. तिला कडकडून भांडायचं होतं. एवढं मोठं भांडण तिच्या हाताला लागलं होतं, अख्ख्या संसारात सापडलं नव्हतं असं, आणि भांडायला माणूसच नव्हता. ते गेले त्या दिवशी, तेराव्याला, वर्षश्राद्धाला, कधीच तिला वाटलं नव्हतं तेवढं आत्ता ह्या वळणावर वाटलं की ते हवे होते. फक्त एकदा. सदऱ्याच्या पाठीवर चार बुक्क्या मारायला आणि मग तिथंच कपाळ टेकायला.

ती रडली, सगळ्यांदेखत. मंडळ उभं राहिलं. रडून झाल्यावर तिनं लिंबासाठी आणलेली बाटली उघडली, निम्मं पाणी वच्छलाबाईला दिलं आणि निम्मं स्वतः प्यायलं.

तेव्हा तिचं लक्ष अभिमन्यूकडं गेलं. तो पाठीवरची गुंडाळी मागं लपवायला बघत होता. ती म्हणाली, काय आणलंय ते दाव. तो नको नको म्हणाला, पण तिनं हात पुढं केलेला मागं घेतला नाही. गुंडाळी उघडली तर फ्लेक्स. मधोमध बंकटरावांचा फोटो, नोकरीच्या ओळखपत्रावरचा, मोठा केलेला. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'हा वृक्ष कै. बंकटराव यांनी लावला'. आणि त्याखाली, रिवाजाप्रमाणं, मंडळाच्या झाडून सगळ्या सभासदांची हात जोडलेली मुंडकी. तिला समजू न देता वर्गणी काढून त्यांनी हे झाडाला बांधायला आणलं होतं. अभिमन्यूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानात लगेच दुसरा छापतो, काकू, एवढंच तो कसंबसं म्हणाला.

सत्यभामेनं फोटोकडं पाहिलं. ओळखपत्राच्या फोटोत माणूस जसा घाबरलेला दिसतो तसेच ते दिसत होते. इतकी वर्षं पाठच बघितली, तोंड असं होत असंल काय, असं तिला वाटलं. तिनं फ्लेक्सची फोटो आत राहील अशी नीट गुंडाळी केली. मग ओढणी सोडली आणि ती गुंडाळी आपल्या सायकलच्या कॅरियरला आडवी, घट्ट बांधली. दोनदा हलवून बघितली.

ऋतुजा म्हणाली, काकू, आपण पायी उतरू, मी सायकल धरते. सत्यभामा नको म्हणाली. तुमी सगळे व्हा पुढं, खाली चहा सांगा, मी येते. मंडळाचा नियम असा होता की मागच्याला सोडून जायचं नाही. पण ती एकटी राहणार नव्हती हे बहुतेक त्यांना समजलं. एकेक करून ते उतरले. ऋतुजा सगळ्यात शेवटी, वळून वळून बघत.

सत्यभामेनं दांडीवरून पाय टाकला. दोन्ही ब्रेक धरले. नव्या रबरांनी चाक दाबून धरलं. सायकल हळू उतरायला लागली आणि कातळ डावीकडून मागं सरकायला लागला.

"नीट बसलात का?" ती हळूच म्हणाली. "मागं बसणाऱ्यानं वळायचं न्हाई. उजवीकडं काय हाय ते मी सांगते."

कठडा एका जागी ढासळला होता. तिथं तिनं मान वळवली. डोळ्यांपुढं अंधारी आली, ब्रेकवरची बोटं पांढरी पडली, पण तिनं नजर काढली नाही.

"उजवीकडं दरी हाय," ती म्हणाली. "लई खोल हाय. तुमी सांगितली न्हाईत, पन हाय. खाली बाभळी हायत. त्याच्या पल्याड पाणी चमकायलंय, ते आमच्या वस्तीचं तळं असंल. बाई न्हाई, पापड न्हाई. मोर एक बोलला आत्ता, पन दिसला न्हाई." ती थांबली नाही. थांबलं तर खाली बघून पुन्हा थिजायला होईल, हे तिला कळत होतं. "लिंब न्हाई. पन वारं त्येच हाय. लागलं का तुमाला?"

ती अशी पायथ्यापर्यंत बोलत उतरली.

खाली फाट्यावरच्या टपरीत मंडळ चहा न पिता उभं होतं. सायकल दिसली तशी ऋतुजा पळत पुढं आली आणि तिनं हँडल धरलं. सत्यभामा उतरली. थंडीचे दिवस, अंगावर उन्हाचा पत्ता नाही, आणि कुडता पाठीला चिकटलेला. ऋतुजानं पाठीला हात लावला आणि चमकून विचारलं, "काकू, उतारावर एवढा घाम?"

सत्यभामेनं मागं हात नेऊन कॅरियरवरची ओढणीची गाठ चाचपली. सैल झाली नव्हती.

"येतो," ती म्हणाली. "मागं कुनी बसलं की येतो."